तंबूतल्या शाळेचा हिशेब

निर्वासितांच्या प्रश्नावरचं कुठलंही भाषण ऐका, त्यात एक आकडा हमखास येतो : सतरा वर्षं. एकदा देश सोडावा लागला की माणूस सरासरी १७ वर्षं परक्या मुलखात काढतो, म्हणजे मुलाचं अख्खं बालपण छावणीतच सरतं, असं सांगितलं जातं. आकडा मनात रुतून बसतो, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं या अहवालातून त्या अहवालात उतरत गेला. त्याचं मूळ आहे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या २००४ सालच्या एका टिपणात, आणि तिथे तो माणसांबद्दल नाहीच. पाच वर्षांहून अधिक काळ चिघळत पडलेल्या मोठ्या निर्वासित-प्रश्नांचं सरासरी वय १७ वर्षांवर गेलंय, एवढंच तिथे म्हटलं होतं. पुढे जागतिक बँकेतल्या झेवियर डेव्हिक्टर आणि क्वी-तोआन दो या दोघांनी उच्चायुक्तालयाचीच आकडेवारी घेऊन माणसांचा हिशेब मांडला. २०१५ अखेरची सरासरी भरली सुमारे १० वर्षं. आणि निम्म्या निर्वासितांना तर घर सोडून तोवर चारेक वर्षंच झाली होती.

हा कीस काढायचं कारण साधं आहे. चार वर्षांसाठी शाळा उभारायची असेल तर मुलाला त्याच्या मूळ देशाचा अभ्यासक्रम शिकवणं शहाणपणाचं. १७ वर्षांसाठी उभारायची असेल तर ज्या देशात तो राहतोय तिथल्या शाळेत त्याला घालायला हवं. शिक्षक कोण, भाषा कुठली, परीक्षा कुणाची, इमारत बांबूची की विटांची, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. आणि तो आकडाच दहाएक वर्षं कुणी तपासला नव्हता, कारण तपासायला पैसे लागतात आणि ते कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. संकटकाळातल्या शिक्षणावर संशोधन व्हावं म्हणून आजवर किती पैसा आला, कुणी दिला, त्यातून काय हाती लागलं आणि काय राहून गेलं, याचा आढावा म्हणूनच घ्यायला हवा.

आधी या प्रश्नाचा आवाका. युद्ध, विस्थापन, पूर, दुष्काळ यांच्या तडाख्यात सापडलेल्या आणि शिक्षणासाठी मदतीची गरज असलेल्या शालेय वयाच्या मुलांची संख्या ‘एज्युकेशन कॅनॉट वेट’ या जागतिक निधीनं २०२५ च्या सुरुवातीला २३ कोटी ४० लाख सांगितली. उच्चायुक्तालयाच्या २०२३ च्या अहवालानुसार निर्वासितांमधली शाळकरी वयाची मुलं १ कोटी ४८ लाख होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक शाळेबाहेर होती. सुदानमध्ये एप्रिल २०२३ ला युद्ध पेटल्यापासून कोट्यवधी मुलांची शाळा सुटली. गाझात सहा लाखांवर मुलांची. आणि जगभरच्या मानवतावादी मदतीतला शिक्षणाचा वाटा गेली कित्येक वर्षं तीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो आहे. संशोधनाचा पैसा म्हणजे या तीन टक्क्यांतली चिमूट.

आता ती चिमूट नीट वापरली तर काय होतं ते पाहू. अफगाणिस्तानच्या मध्यभागी घोर नावाचा डोंगराळ प्रांत आहे. गावं लहान, एकमेकांपासून लांब, आणि सरकारी शाळा बहुतेक गावांना काही किलोमीटरवर. २००७ साली तिथे एक मदतसंस्था गावातच शाळा सुरू करणार होती. मशिदीत नाहीतर कुणाच्या तरी घरात वर्ग भरायचा, आणि शिकवायला त्याच भागातला शिकलेला माणूस. सगळ्या गावांत एकदम शाळा उघडायची ताकद संस्थेकडे नव्हती. काही गावांना वर्षभर थांबावं लागणारच होतं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या डेना बर्ड आणि अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी या अडचणीचाच उपयोग केला. आधी कुणाला शाळा मिळावी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. ३१ गावांपैकी १३ गावांना पहिल्या वर्षी शाळा मिळाली, उरलेल्या १८ गावांना दुसऱ्या वर्षी. कुणाला डावललं गेलं नाही, आणि वर्षअखेर दोन्हीकडच्या मुलांची तुलना मात्र करता आली.

निकाल असा : गावात शाळा आली तिथे शाळेत जाणाऱ्या एकूण मुलांचं प्रमाण ४२ टक्के-बिंदूंनी वाढलं, मुलींचं ५२ बिंदूंनी. दूरच्या शाळेत मुलींपेक्षा मुलगे बरेच जास्त जात होते. गावातल्या शाळेत दोघांच्या हजेरीतलं अंतर जवळजवळ पुसलं गेलं. शाळा एक मैल लांब गेली की पटसंख्या १६ बिंदूंनी घसरते, इतका नेमका हिशेब निघाला. मुलींच्या शिक्षणाला तिथल्या समाजाचाच विरोध आहे, असं तोवर किती ठामपणे बोललं जायचं! घोरच्या आई-बापांनी या समजुतीला उत्तर दिलं. त्यांचा विरोध शिक्षणाला नव्हता. डोंगरवाटेनं मुलीला एकटं पाठवायला होता. हे कळायला एक वर्ष, ३१ गावं आणि मोजणी करायला घरोघर फिरणारी माणसं लागली. शाळेच्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ, पण त्यानं गावातल्या शाळांच्या बाजूनं ठोस पुरावा उभा केला.

ली लिंडन हे नाव मराठी वाचकाला अनोळखी वाटेल, पण मुंबईच्या महापालिका शाळांशी त्यांचा जुना संबंध आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाची जी मोजणी झाली, ती अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर दुफ्लो आणि हेच लिंडन यांनी केली होती. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, महिन्याला थोडंसं मानधन, वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं, आणि दिवसातून दोन तास त्यांना पुन्हा मुळापासून वाचायला आणि हिशेब करायला शिकवणं. मुलं पुढे गेली, आणि ती किती पुढे गेली हे आकड्यांत सांगता आलं. त्यामुळे ‘मुलाच्या पातळीवरून शिकवणं’ ही पद्धत मुंबईपुरती राहिली नाही, आज ती आफ्रिकेतल्या अनेक देशांत पोहोचली आहे. छावणीतल्या वर्गाचं दुखणं नेमकं हेच असतं. एका चटईवर सात वर्षांचं आणि तेरा वर्षांचं मूल शेजारी बसलेलं. एकाची दोन वर्षं बुडालेली, दुसऱ्यानं शाळा पाहिलेलीच नाही. मुंबईच्या वर्गात जे शोधलं गेलं ते अशा वर्गाला लागू पडतं का, किती बदलून पडतं, हा आपल्याशीही नातं सांगणारा प्रश्न आहे.

पैशांची गोष्ट मात्र फार उशिरा सुरू होते. संकटकाळात शिक्षण ही ‘जीव वाचवणारी’ मदत नाही, ती नंतरची गोष्ट, अशी धारणा दीर्घकाळ होती. अन्न, पाणी, औषध, निवारा आणि मग उरलंच तर पाटी. २००० साली आयएनईई हे आंतरसंस्था जाळं उभं राहिलं आणि २००४ मध्ये त्यानं संकटकाळातल्या शाळांसाठी किमान निकष आखले. हे निकष अनुभवी माणसांच्या शहाणपणातून आले होते. त्यांच्यामागे मोजलेला पुरावा थोडाच होता. आरोग्याचं क्षेत्र तेव्हा बरंच पुढे होतं. २०१३ साली एल्रा या ब्रिटिश संस्थेनं ब्रिटन सरकार आणि वेलकम ट्रस्टच्या पैशांतून संकटकाळातल्या आरोग्य-संशोधनासाठी वेगळी थैली उघडली. पुढच्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा त्या थैलीतून तातडीनं संशोधनाला पैसा देता आला, कारण पैसा आधीच बाजूला काढून ठेवला होता. शिक्षणाकडे असं काहीच नव्हतं. २०१५ मध्ये डेना बर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन सरकारसाठी उपलब्ध अभ्यासांचा मोठा धांडोळा घेतला. संकटाच्या ऐन तडाख्यातल्या वर्गांवरचे कसून केलेले अभ्यास फारच थोडे, हे त्यातून स्वच्छ दिसलं.

मग काही वर्षं बरी गेली. २०१६ ला इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत ‘एज्युकेशन कॅनॉट वेट’ निधी जाहीर झाला. २०१७ मध्ये ‘दुबई केअर्स’नं आयएनईईच्या साथीनं फक्त संशोधनासाठी एक कोटी डॉलरची थैली मांडली. ‘ई-क्यूब्ड’ असं तिचं नाव. तिचं वेगळेपण रकमेत नव्हतं, कारण रक्कम माफकच होती. पैसा शाळेला नाही, पुस्तकांना नाही, तर शाळेत काय घडतं ते शोधायला, असं एका देणगीदारानं उघड सांगितलं, हे वेगळेपण. देणगीदाराला फोटोत लाल रिबीन हवी असते. आलेखावर रिबीन बांधता येत नाही. म्हणून या निर्णयाचं मोल मला मोठं वाटतं. त्याच वर्षअखेर मॅकआर्थर फाउंडेशननं सेसमी वर्कशॉप आणि आंतरराष्ट्रीय बचाव समिती यांना सीरियाच्या संकटात सापडलेल्या लहानग्यांसाठी दहा कोटी डॉलर दिले, आणि २०१८ च्या डिसेंबरात लेगो फाउंडेशननं सीरियन आणि रोहिंग्या मुलांच्या खेळातून शिक्षणासाठी तितकेच. या दोन्ही कामांत मूल्यमापन पहिल्या दिवसापासून विणलेलं होतं. ते न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका केंद्राकडे सोपवलं गेलं. पुढे ब्रिटननं ‘एरिक’ नावाचा संशोधन कार्यक्रम उभारला. सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, दक्षिण सुदान, नायजेरिया, म्यानमार आणि बांगलादेशातल्या छावण्या असा त्याचा पसारा.

या पैशांतून काय निघालं? सगळ्यात ठळक उदाहरण लेबनॉनचं. कोविडच्या काळात तिथल्या निर्वासित मुलांच्या बालवाड्या बंद होत्या. बचाव समितीच्या शिक्षिकांनी अकरा आठवडे व्हॉट्सॲपवर पालकांचे छोटे गट केले. ठरल्या वेळी फोन करायचा, आईनं घरातल्या घरात मुलाकडून काय करून घ्यायचं ते समजावायचं, चित्रफीत पाठवायची, दुसऱ्या दिवशी विचारायचं. चाचणीत जी प्रगती दिसली ती, इतर अभ्यासांत वर्षभराच्या बालवाडीनं दिसते, तिच्या तोडीची निघाली. हा निष्कर्ष हाती आला तेव्हा अनेक जाणत्यांनीही भुवया उंचावल्या असतील. फोनवरचं शिक्षण म्हणजे तात्पुरती मलमपट्टी, असंच सगळे धरून चालले होते. मोजलं नसतं तर शाळा उघडल्यावर हा प्रयोग गुपचूप गुंडाळला गेला असता.

पण संशोधनाचं खरं काम कधीकधी ‘नाही’ म्हणणं असतं. लेबनॉनमध्येच शाळेला जोड म्हणून चालणाऱ्या शिकवणीवर्गांचा अभ्यास झाला. शिकवणीनं मुलांची वाचनातली आणि गणितातली काही कौशल्यं सुधारली. त्यात मन शांत करण्याचे, सजगतेचे छोटे खेळ मिसळून पाहिले, तेव्हा त्यांचा वेगळा असा फारसा परिणाम दिसला नाही. काँगोमध्ये ‘बरं करणारा वर्ग’ या कल्पनेवर शिक्षकांना प्रशिक्षण दिलं गेलं. मुलांना शाळा अधिक आधाराची वाटू लागली, वाचनातही काही प्रगती झाली, पण मनाच्या स्वास्थ्यावरचे परिणाम संमिश्र निघाले. युद्ध पाहिलेल्या मुलाला मानसिक आधार हवा हे खरंच आहे. तो कसा द्यायचा हे मात्र आपल्याला वाटतं तितकं ठाऊक नाही. हे प्रामाणिकपणे छापून येणं ही या क्षेत्रातली मोठी कमाई. कारण असे निष्कर्ष देणगीदारांना आवडत नाहीत, आणि पुढच्या अनुदानाच्या भीतीनं संस्थाही ते पुढे आणत नाहीत. आयएनईईनं २०१५ साली सुरू केलेल्या संशोधनपत्रिकेत असे अभ्यास कुणालाही फुकट वाचता येतात. त्याच पत्रिकेत २०२० मध्ये केनियातल्या काकुमा छावणीतल्या मुलांच्या वाचनाची मोजणी आली, आणि १९९२ पासून चालत आलेल्या त्या छावणीत मुलं शाळेत जातात पण वाचायला शिकत नाहीत, हे कटू सत्य पुढे आलं. पटावर नाव असणं आणि शिकणं या दोन गोष्टी आहेत, हे आपल्याला ‘प्रथम’च्या ‘असर’ या पाहणीच्या अहवालांनी फार आधी दाखवलं होतं.

आता राहून गेलेल्या गोष्टींकडे वळू. माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव भाषेची आणि अभ्यासक्रमाची आहे. या प्रश्नावर पैसा सगळ्यात कमी, कारण उत्तर राजकीय असतं.

कॉक्सबझारचं पाहा. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून तिथे आले. बांबू आणि ताडपत्रीच्या शिक्षणकेंद्रांत पाळ्या लागल्या; मुलं जमिनीवर बसायची; स्थानिक बांगलादेशी शिक्षक इंग्रजी आणि गणित घ्यायचा, रोहिंग्या शिक्षक बर्मी. बांगला अभ्यासक्रमाला सरकारची मनाई होती, कारण ही माणसं परत जाणार आहेत अशी भूमिका. २०२१ च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला आणि जुलै २०२३ मध्ये तीन लाख मुलं त्या अभ्यासक्रमाचं नवं वर्ष सुरू करायला वर्गात आली. घरात रोहिंग्या, बाजारात चाटगावी, पुस्तकात बर्मी आणि इंग्रजी, असं ते मूल. आणि शिकून झाल्यावर जे प्रमाणपत्र मिळणार त्याला ना म्यानमारची मान्यता, ना बांगलादेशची. या मुलाला कुठल्या भाषेत आधी वाचायला शिकवलं तर ते टिकेल, यावर वर्षानुवर्षांचा पाठपुरावा करणारं संशोधन हवं.

हा प्रश्न आपल्या मातीतही एकदा उभा राहिला होता. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळीवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत छावण्यांतून सुटून, इराणमार्गे ती इथे आली होती. त्यांच्या शाळा पोलिश भाषेत, पोलिश अभ्यासक्रमानं चालत, कारण युद्ध संपलं की घरी परतायचं होतं. युद्ध संपलं, पण त्यांतल्या अनेकांची गावं नव्या सीमारेषेपलीकडे सोव्हिएत संघात गेली होती. पुष्कळजण पोलंडऐवजी ब्रिटन आणि इतर देशांत स्थायिक झाले. ती मुलं मोठी होऊन काय झाली, शाळेतलं काय त्यांच्या कामी आलं आणि काय नाही, हे आज आपल्याला कळतं ते त्यांच्या आठवणींतून. आठवणी मोलाच्या असतात, पण ज्यांनी त्या लिहिल्या नाहीत त्यांचं काय झालं हे त्या सांगत नाहीत.

दुसरी अडचण वेळेची. मानवतावादी अनुदान बहुधा सहा महिन्यांचं नाहीतर वर्षाचं. संशोधनाला सरकारी परवानगी, नैतिकता समितीची मान्यता, प्रश्नावलीचं भाषांतर, पहिली चाचणी, यातच सहा-आठ महिने जातात. तोवर अनुदान संपतं. शिवाय निर्वासित मूल एका जागी राहत नाही. पहिल्या चाचणीला असलेलं मूल दुसऱ्या चाचणीला दुसऱ्या छावणीत, नाहीतर दुसऱ्या देशात. त्याला शोधून काढणं हाच संशोधनातला सगळ्यात खर्चिक भाग असतो, आणि अनुदानातून पहिली कात्री त्यालाच लागते. म्हणूनच बहुतेक अभ्यास वर्षभराच्या आत संपतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त सलते. प्रश्न विचारणारे आणि उत्तरं देणारे यांच्यातली दरी अजून फार रुंद आहे. प्रश्न न्यूयॉर्क, लंडन, ऑक्सफर्डमध्ये ठरतात. छावणीतला शिक्षक, जो स्वतः निर्वासित आहे, तो प्रश्नावली भरून घेणारा मजूर ठरतो. एकाच झोपडीत महिन्यात चार संस्थांची माणसं तेच प्रश्न विचारून जातात, आणि निष्कर्ष मात्र त्या झोपडीत परत येत नाही. घोरची मोजणी उपयोगी पडली कारण प्रश्न तिथल्या आई-बापांच्या अडचणीतून आला होता : शाळा किती लांब? ढाक्यात, अम्मानमध्ये, नैरोबीत चांगली विद्यापीठं आहेत. पैसा त्यांच्या नावावर जमा व्हायला हवा आणि परदेशी विद्यापीठानं त्यांना साथ द्यावी. आज बहुतेकदा उलटं होतं.

आणि चौथी, शुद्ध हिशेबाची. कुठला उपक्रम चालला हे अभ्यास सांगतात. एका मुलामागे किती खर्च आला हे फार थोडे सांगतात. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला दुसरा आकडा आधी हवा असतो.

एवढं सगळं असताना २०२५ उजाडलं. अमेरिकेच्या यूएसएआयडीचा गाशा १ जुलैला अधिकृतपणे गुंडाळला गेला. तिचे बहुतेक करार त्याआधीच रद्द झाले होते. ब्रिटननं २०२७ पर्यंत परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. या क्षेत्रातले हेच दोन मोठे आधार. जूनमध्ये पैशांअभावी युनिसेफनं कॉक्सबझारमधली हजारो शिक्षणकेंद्रं थांबवली आणि हजारावर स्थानिक शिक्षकांना घरी बसावं लागलं. अशा वेळी संशोधनाला पैसे मागणं निर्दयपणाचं वाटू शकतं. मला ते उलट वाटतं. शंभर शाळांतल्या चाळीसच चालवता येणार असतील, तर कुठल्या चाळीस आणि कशा, हे ठरवायला माहिती जास्त लागते, कमी नाही. भरल्या घरात चूक खपते. चणचणीच्या घरात ती मुलांच्या ताटातून वजा होते.

करायला काय हवं हे फारसं गूढ नाही. संकट यायच्या आधीच संशोधनाचा पैसा बाजूला काढून ठेवावा, जसा आरोग्याच्या क्षेत्रानं ठेवला. शिक्षणाच्या प्रत्येक आपत्कालीन अनुदानातले शंभरातले तीन रुपये मोजणीसाठी राखून ठेवावेत. निदान काही अभ्यास दहा वर्षं तरी चालावेत. आणि ‘उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष छापणाऱ्या संस्थेचं अनुदान त्या कारणानं तोडू नये.

आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपात, २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात सामान्य माणसानं सढळ हातानं मदत केली. दूरच्या देशांतल्या मुलांसाठीही मराठी घरांतून पैसा जातो. पुढच्या वेळी एखाद्या संस्थेला शाळेसाठी देणगी द्याल तेव्हा पावतीबरोबर एवढं जरूर विचारा : वर्षभरात मुलं काय शिकली, आणि ते तुम्हाला कसं कळलं? उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तरी देणगी परत घेऊ नका. आणखी शंभर रुपये द्या आणि सांगा, हे एवढं शोधून काढण्यासाठी.